पेटीही एकेकाळी नवीनच होती

रविवारी सकाळी उपासना सुरू व्हायच्या आधी जळगाव-धुळ्याकडच्या मराठी चर्चमध्ये दोन मिनिटांची बोलणी चालतात. पेटीवाले काका भात्याची कडी काढत गाणाऱ्याला विचारतात, "कुठून घ्यायचं?" गाणारा म्हणतो, "काळी एक." शेजारी गिटार घेऊन बसलेला पोरगा मनातल्या मनात हिशेब करतो. काळी एक म्हणजे सी शार्प, आणि सी शार्पमध्ये गिटारवर बोटं काही सुखाने बसत नाहीत. मग तो खिशातून कॅपो काढतो, दांडीवर पहिल्या पडद्यात चिमटा लावतो आणि सरळ सी धरल्यासारखा वाजवायला लागतो. कीबोर्डवाला ट्रान्सपोझचं बटण एकदा दाबून मोकळा होतो. काका कुणाकडेच बघत नाहीत. बाराही पट्ट्या त्यांच्या बोटांत आहेत. तिघांचा सा एक होतो आणि पहिलं गीत सुरू होतं.

सगळेच वाद इतक्या सहज मिटत नाहीत. चर्चच्या पंचायतीच्या बैठकीत कुणीतरी एकदा तरी म्हणतंच, "ही उपासना आहे की ऑर्केस्ट्रा?" तरुण संघाकडून ठरलेलं उत्तर येतं की त्या संथ चाली ऐकून पोरं बाहेर जाऊन उभी राहतात. जुनं विरुद्ध नवं हा झगडा जगभरच्या चर्चना ओळखीचा आहे. एका बाजूला ऑर्गन आणि स्तोत्रांचं पुस्तक, दुसऱ्या बाजूला ड्रम, गिटार आणि पडद्यावर झळकणारे शब्द. खानदेशात मात्र या भांडणाला दोनच बाजू नाहीत. इथे निदान तीन पक्ष आहेत, आणि त्यांतला जुना कोणता हे ठरवायला गेलं की गंमत सुरू होते.

मराठी प्रोटेस्टंट घरांत बायबलच्या शेजारी जे दुसरं पुस्तक असतं ते 'उपासना संगीत'. त्यातली गीतं लोक नावाने कमी आणि नंबराने जास्त ओळखतात. पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून नंबर सांगितला की आजीबाई पुस्तक न उघडताच गायला लागतात. या एका पुस्तकात दोन वेगळ्या जातींचा माल बांधलेला आहे. काही गीतं इंग्रजी-अमेरिकन चालींवर मराठी शब्द बसवून तयार झालेली, तर काही अभंग, पदं, साक्या, दिंड्या, म्हणजे मराठी कानाला जन्मापासून ठाऊक असलेल्या छंदांतली. आज पंचायतीत "आपली जुनी गाणी" असं कुणी म्हणतं तेव्हा या दोन्ही जाती एकाच पंगतीला बसलेल्या असतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्या एकमेकींच्या शेजारी बसायला राजी नव्हत्या.

खानदेशात ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या त्या काळाकडे बघितलं तर चित्र आणखी मजेदार होतं. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव या रेल्वेच्या पट्ट्यात 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स'चं काम होतं. या संस्थेचे संस्थापक न्यूयॉर्कचे ए. बी. सिम्पसन हे स्वतः गीतकार. १८९१ साली त्यांनी आर. केल्सो कार्टर यांच्याबरोबर स्वतःचं गीतपुस्तक काढलं. अमळनेर, धरणगाव भागात आलेली स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन (१९४९ पासून तिचं नाव 'टीम' झालं) फ्रेडरिक फ्रॅन्सन या स्वीडिश-अमेरिकन प्रचारकाने १८९० मध्ये सुरू केली. फ्रॅन्सन हे शिकागोचे प्रचारक डी. एल. मूडी यांच्या सभांच्या वळणावर तयार झालेले. मूडींच्या सभांत गाणारा माणूस म्हणजे आयरा सँकी. छोट्या पायपेटीवर बसून तो सोपी, ठेकेबाज, ध्रुपद घोळवणारी गाणी म्हणायचा. १८७३ मध्ये तो इंग्लंड-स्कॉटलंडला गेला तेव्हा तिथल्या जुन्या मंडळींनी नाकं मुरडली होती. ज्या देशात चर्चमध्ये कोणतंही वाद्य म्हणजे पाप मानणारे लोक होते, तिथे हा माणूस पेटी घेऊन आला होता.

पश्चिम खानदेशात स्वीडिश अलायन्स मिशनची मंडळी आली. त्यांच्या मायदेशातल्या स्वतंत्र चर्चमध्ये तेव्हा 'स्ट्रेंगमुसीक', म्हणजे तारांच्या वाद्यांचं संगीत, लोकप्रिय होतं. गिटार आणि मँडोलिन घेतलेल्या तरुण-तरुणींचं पथक उभं राहून गायचं. आज एखाद्या मुलाच्या हातातल्या गिटारीला "हे सगळं हल्लीचं फॅड" म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हरकत नाही. खानदेशात मिशनऱ्यांनी जी गाणी आणली ती त्यांच्या देशातली जुनी, पवित्र, दगडी गाणी नव्हतीच. ती त्या काळातली अगदी ताजी गाणी होती.

ताजी असली तरी ती मराठीत नीट बसली का? हा प्रश्न जवळून पाहण्यासारखा आहे.

इंग्रजी स्तोत्रांचा सर्वांत प्रचलित साचा असा असतो: पहिल्या ओळीत आठ अक्षरं, दुसरीत सहा, पुन्हा आठ, पुन्हा सहा. चाल बहुधा एका हलक्या, आखूड सुराने उचलली जाते आणि दुसऱ्या सुरावर जोर येतो. इंग्रजी भाषा आघातावर चालते, त्यामुळे तिला हा साचा घरचा वाटतो. मराठी छंद चालतो लघु-गुरूंवर, म्हणजे अक्षराला किती वेळ द्यायचा यावर. आता 'प्रेमळ' हा शब्द घ्या. 'प्रे' हे गुरू अक्षर. या चालीत ते पहिल्या आखूड सुरावर आलं की त्याला घाईघाईने उरकावं लागतं आणि 'म'वर जाऊन सूर लांबवावा लागतो. शब्द कानाला ओळखू येत नाही, 'प्रे-मऽळ' असं काहीतरी विचित्र ऐकू येतं. याउलट 'कृपा', 'दया', 'क्षमा' हे शब्द लघु-गुरू असल्यामुळे या साच्यात आयते बसतात. भाषांतर करणाऱ्यांना ओळीच्या सुरुवातीला ही तीन मंडळी फार कामाला आली असणार! या हिशेबापुढे भाषा थकली की गीताचा अर्थही थकतो, आणि मग ते संथ वाटतं. दोष चालीचा नसतो आणि भक्तीचाही नसतो.

लोकांनी यावर आपला उपाय काढला. तीन मात्रांची इंग्रजी चाल तबल्यावर दादऱ्यात बसवली, चार मात्रांची केरव्यात. ढोलकी आणि झांज आली की त्याच परदेशी चालीला कमरेतून हेलकावा मिळतो. चार वेगवेगळ्या आवाजांची पाश्चात्य स्वरसंगती बहुतेक गावांत केव्हाच गळून पडली आणि सगळ्यांनी एकच धून धरली. आज खानदेशात "इंग्रजी चालीचं" म्हणून जे गीत ऐकू येतं ते मूळच्या बोस्टन-शिकागोवाल्याने ओळखलं असतं की नाही, शंकाच आहे.

दुसरा प्रवाह याहून कितीतरी जुना. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोलला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, मराठीत, पुराणांच्या धाटणीने रचलेल्या. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना आपली जुनी पुराणं सुटल्याची चुटपुट होती. त्यांच्यासाठी हे नवं पुराण होतं, आणि ते वाचायचं नसून गाऊन ऐकायचं होतं. म्हणजे मराठी ख्रिस्ती उपासनेतलं सर्वांत जुनं मोठं गीत ओवीत आहे. पुढे गोव्यात राज्यकर्त्यांचं मन फिरलं. १६८४ मध्ये स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम निघाला, १७३६ मध्ये धर्मन्यायालयाने लग्नातल्या स्थानिक गाण्यांवरही गदा आणली. चर्चमधल्या गाण्यावरून झालेल्या भांडणात इथे बंदीहुकूमही निघाले होते, हे आजच्या पंचायतींना थोडं हायसं वाटावं म्हणून.

ब्रिटिश मुलखात अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ पासून अहमदनगरला स्थिरावले. तिथे कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांनी मराठी रागदारी आणि पदांच्या वळणाने गीतं रचली, आणि कीर्तनाचा साज ख्रिस्ती कथेला चढवला. पूर्वरंगात विवेचन, उत्तररंगात आख्यान, मध्ये पदं, साक्या, दिंड्या. श्रोत्याला हे शिकवावं लागत नव्हतं. समर्थांची हस्तलिखितं आजही जपून ठेवणाऱ्या धुळ्यासारख्या गावात कीर्तन ऐकायला कसं बसायचं हे कुणी कुणाला सांगत नाही.

मग आले नारायण वामन टिळक. १८६१ चा जन्म, १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, नंतर कार्यक्षेत्र नगर. तुकारामाच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशा अर्थाचं ते सांगत. ते म्हणणं त्यांनी गीतांत उतरवलं. त्यांचे अभंग, त्यांची पदं आज 'उपासना संगीता'चा कणा आहेत. टिळकांनी केलेलं काम आज जुनं, आदरणीय वाटतं. त्यांच्या वेळी मात्र ते धाडसाचं नवं काम होतं, कारण "हे तर वारकऱ्यांचं गाणं, हे चर्चमध्ये कसं?" असं म्हणणारे ख्रिस्तीही होते. नवख्रिस्त्याने जुन्या धर्माचं सगळं मागे टाकायचं, मग चाल तेवढी का ठेवायची, हा त्यांचा युक्तिवाद. टिळकांनी वाद घालण्यापेक्षा गीतं लिहिली आणि आयाबायांनी ती पाठ केली, इथे विषय संपला.

टिळकांचा आणि खानदेशाचा एक धागा साहित्याच्या इतिहासात पक्का बसलेला आहे. १९०७ मध्ये जळगावला पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. धरणगावचा तरुण त्र्यंबक बापूजी ठोंबरे तिथे उभा राहिला, त्याने कविता म्हटली आणि कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. टिळकही त्या संमेलनात होते. पुढे हा मुलगा नगरला टिळकांच्या घरी राहिला, टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या हातचं जेवला. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना हे घर आणि त्यातला हा ठोंबरे चांगलाच ठाऊक असतो. मराठीतला एक मोठा निसर्गकवी एका ख्रिस्ती भजनकाराच्या घरी राहिला आणि त्या भजनकाराचे अभंग खानदेशातल्या चर्चमध्ये अजून गायले जातात. १९१८ च्या मे महिन्यात जळगावजवळ भादली स्टेशनला रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. पुढच्या वर्षी, त्याच महिन्यात, टिळकही.

टिळकांच्या अभंगांचं पुढे जे झालं ते या विषयातलं सर्वांत चविष्ट टोक आहे. निकोल मॅकनिकल यांनी त्यांचा इंग्रजीत अनुवाद केला आणि त्यांतलं एक गीत पाश्चात्य स्तोत्रसंग्रहांत गेलं. तिथे ते गायलं जातं 'विग्टाउन' नावाच्या चालीवर, आणि ही चाल १६३५ च्या स्कॉटिश स्तोत्रपुस्तकातली! इकडे मराठी माणूस शिकागोची चाल ढोलकीवर घेतो, तिकडे स्कॉटिश चालीवर नगरचा अभंग गायला जातो. सांगळ्यांचं 'तन मन धन' मात्र इंग्रजी पुस्तकांत गेलं ते चालीला तेच मराठी नाव घेऊन.

आता पेटीकडे येऊ, कारण "पेटी-तबला म्हणजे आपलं, कीबोर्ड म्हणजे परकं" हे वाक्य खानदेशात वरचेवर ऐकू येतं.

हार्मोनियमचं पेटंट १८४२ मध्ये पॅरिसमध्ये अलेक्झांड्र देबेन याने घेतलं. मुळात ते पायाने भाता चालवायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं वाद्य. हिंदुस्थानात ते आलं त्यात मिशनऱ्यांचा मोठा हात होता. पाइप ऑर्गन जहाजातून आणून कुठल्या तालुक्याच्या गावी बसवणार? पायपेटी बैलगाडीत बसते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचं हातपेटीत रूपांतर केलं. डावा हात भात्यावर, उजवा सुऱ्यांवर, आणि वादक जमिनीवर मांडी घालून. इथून पुढे पेटी चर्चच्या हातात राहिली नाही. मराठी संगीत नाटकाने ती घेतली, कीर्तनकारांनी घेतली, वारकरी भजनी मंडळांनी घेतली.

शास्त्रीय संगीतातल्या जाणत्यांनी मात्र तिला परकीच मानलं. तक्रार खरीही होती. पेटीचे सूर सारख्या अंतरावर ठोकून बसवलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा लागतो (दोन लागोपाठच्या सुऱ्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातला एक सेंट). शिवाय तिच्यावर मींड काढता येत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरता येत नाही, उडी मारावी लागते. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. तीस वर्षं आकाशवाणीला जे वाद्य विलायती म्हणून नकोसं होतं, त्याच काळात खानदेशातल्या छोट्या चर्चमध्ये ते "आपलं" होत होतं. आज कीबोर्डविरुद्ध देशी वाद्य म्हणून जिला पुढे केलं जातं तीच ही पेटी. आणि कीबोर्डच्या सुरांचं बसवणं? अगदी तेच. गंधार तितकाच चढा.

देवळांनीही अशी देवाणघेवाण केली आहे. वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी १७३९ साली पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा आणल्या. त्यांतली १७२१ साल कोरलेली एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात टांगलेली आहे. धुळ्याहून नाशिकला जाणाऱ्या कुणालाही ती बघता येते.

युरोपाने तर आपल्याच वाद्यांना आकाशवाणीच्या बंदीहून कडक वागणूक दिली. झ्युरिकमध्ये झ्विंग्लीच्या सुधारणेच्या लाटेत १५२७ मध्ये मुख्य चर्चमधला ऑर्गन मोडून काढला. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या खेड्यांत सज्जात बसून व्हायोलिन, बासरी, चेलो वाजवणाऱ्या गावकऱ्यांना हटवून त्यांच्या जागी पेटी किंवा ऑर्गन आला. गावकऱ्यांची मनं किती दुखावली याची गोष्ट थॉमस हार्डीने १८७२ च्या एका कादंबरीत लिहून ठेवली आहे. तिथे ऑर्गन हा "नवा" होता आणि फिडल "जुनं". १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानो आणि ढोलांसारखी गोंगाटी वाद्यं वाजवायला मनाई केली. साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ ला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरचा दस्तऐवज मंजूर केला. ग्रेगोरियन गायनाला मानाचं स्थान ठेवून तिने मिशनच्या देशांतल्या लोकांच्या स्वतःच्या संगीताला दार उघडलं. मुंबईत अंधेरीच्या ज्ञान आश्रमात फादर जॉर्ज प्रोक्श त्याआधीपासूनच भारतीय रागांत ख्रिस्ती भजनं बांधत होते. नाशिक धर्मप्रांत १९८७ साली वेगळा झाला आणि जळगाव, धुळे, नंदुरबार हा मुलूख त्यात आला. मराठी मिस्सेत आज पेटी-तबल्याचं भजन चालतं त्याला अशी एक रोमची मोहर आहे.

आणि मग आला तिसरा पक्ष.

कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथल्या कॅल्व्हरी चॅपलमध्ये १९६० च्या दशकाच्या शेवटी लांब केसांची, अनवाणी पोरं गिटार घेऊन आली. १९७१ मध्ये तिथून 'मारानाथा! म्युझिक' निघालं. १९८३ मध्ये सिडनीत हिलसाँग सुरू झालं. तिथलं डार्लिन झेक यांचं १९९३ चं 'शाउट टू द लॉर्ड' जगभर गेलं. खानदेशात हा प्रवाह आधी कॅसेट आणि कन्व्हेन्शनच्या मार्गाने, शहरात शिकायला गेलेल्या मुलांच्या वहीतून आला. २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि साक्री-चोपड्याच्या पोराला सिडनीचं गाणं त्याच आठवड्यात ऐकू यायला लागलं. पाठोपाठ हिंदीतली, मग मराठीतली वर्शिप गाणी. तबल्याच्या जागी ऑक्टोपॅड आला. कीबोर्डला तर कित्येक गावांत कंपनी कोणतीही असो, "कॅसिओ"च म्हणायची रीत.

या गाण्यांवरचा पहिला आक्षेप ठरलेला आहे: एकच ओळ दहादा काय म्हणायची? हा आक्षेप मराठी माणसाने घ्यावा याचं नवल वाटतं. हरिनामाचा गजर काय असतो? एक नाव, दोन शब्द, टाळ, लय हळूहळू चढत जाणारी, पुढचा म्हणतो आणि मागचे झेलतात. एक ओळ घोळवत राहणं ही मराठी भक्तीची अगदी आतली सवय आहे. चार कडव्यांची, दर ओळीत नवा विचार मांडत जाणारी, शेवटी आमेन म्हणून थांबणारी इंग्रजी पद्धतीची गीतंच खरी तर इथे पाहुणी. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये उज्जीवनाची लाट आली तेव्हा शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत होत्या. टाळ्या, हात वर करणं, आवाज चढवणं, यातलं काही युट्यूबवरून आलेलं नाही.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो शांतपणे ऐकून घ्यायला हवा. ही गाणी मुळात एका गायकासाठी, त्याच्या गळ्यासाठी बांधलेली असतात. पहिलं कडवं खालच्या सप्तकात, जवळजवळ बोलल्यासारखं. शेवटचं ध्रुपद एकदम वरच्या सप्तकात. स्टेजवरच्या पंचविशीच्या मुलाला हे मानवतं. पुढच्या बाकावरच्या साठीच्या मावशीला खालचे सूर ऐकू येण्याइतके लागत नाहीत आणि वरचे गाठता येत नाहीत. मग ती गप्प बसते आणि पडद्याकडे बघत राहते. जुन्या गीतांच्या चाली साधारण एका सप्तकात, फार तर त्याला दोन सूर जोडून, कुणालाही म्हणता येतील अशा बेतलेल्या होत्या. त्यात मॉनिटर आणि स्पीकर. पत्र्याच्या छताच्या, सिमेंटच्या उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज आदळून परत येतो, शब्द एकमेकांत मिसळतात, आणि शेजारचा गातोय की नाही तेही कळत नाही. शेजाऱ्याचा आवाज ऐकू येईनासा झाला की माणूस स्वतःचाही बारीक करतो. मंडळी गाते की मंडळीसाठी कुणी गातं, भांडण करायचंच तर यावर करावं. गिटारीवर करण्यात फारसा अर्थ नाही.

खानदेशातल्या बायकांना स्टेजशिवाय गायची सवय आहे. जात्यावरच्या ओव्या, कानबाईची गाणी, हे सगळं पुस्तकाशिवाय, माइकशिवाय चाललेलं. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलाने उतरवून घेतली म्हणून १९५२ मध्ये ती महाराष्ट्राला कळली. ख्रिस्ती घरातली आजीही त्याच मातीतली. टिळकांचा अभंग तिला पाठ झाला तो छापील पानावरून कमी आणि ओवीच्या ओळखीने जास्त.

मात्र या सगळ्या चर्चेत एक मोठा भाग सुटतो. धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला आणि नवापूरचा पट्टा तिकडे गेला. जुन्या पश्चिम खानदेशातली ख्रिस्ती वस्ती मुख्यतः याच आदिवासी भागात आहे. मावची, कोकणी (ही गोव्याची नव्हे), भिल्ल, पावरा. मराठी ही त्यांच्यासाठी शाळेची भाषा. त्यांना 'उपासना संगीत' हेही परभाषेतलंच पुस्तक. त्यामुळे तिथे "पारंपरिक" या शब्दाचा अर्थच निराळा. त्यांचं मूळ संगीत म्हणजे ढोल, गोल धरून नाचणं आणि डोंगरपट्ट्यातली पावरी. दुध्या भोपळा आणि बांबूचं, घुमणाऱ्या आवाजाचं ते वाद्य आहे. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी लागते, आणि हीच तिची अडचण. चर्चमध्ये पावरी वाजली की नव्याने ख्रिस्ती झालेल्या घराला ती फक्त एक वाद्य म्हणून ऐकू येईल का? आफ्रिकेतही हेच झालं. मिशनच्या चर्चमध्ये ढोल वर्ज्य होते, आणि १९५८ मध्ये काँगोत फादर ग्विदो हाझेन यांच्या मुलांच्या पथकाने ढोलांवर लॅटिन मिस्सा गायली तेव्हा 'मिस्सा लुबा' जगभर गाजली. गिटार आणि कीबोर्ड यांना असला काही पूर्वेतिहास नाही. नवापूरकडच्या तरुणांनी कीबोर्ड चटकन जवळ केला यामागे केवळ फॅशन नसावी. ज्या वाद्याला कुठलाच देव चिकटलेला नाही ते हाताळायला सोपं जातं. ते त्यावर मावचीत गाणी बांधतात, पाठीमागे ठेका ढोलाचाच घेतात, पॅडवर.

नाताळच्या आधी रात्री कॅरल गात घरोघर फिरायची पद्धत जळगाव-धुळ्यातही आहे. डिसेंबरची खानदेशी थंडी, कानटोप्या, एक ढोलकी, एक गिटार, कुणाच्या तरी दुचाकीवर बांधलेला छोटा स्पीकर. पोरं तयारीने आलेली असतात, पहिलं गाणं नवंच असतं. घरातली माणसं उभी राहून ऐकतात, शेव-चिवड्याचं ताट पुढे करतात. तेवढ्यात आतून पलंगावरून म्हाताऱ्याचा आवाज येतो, कुठलातरी एक नंबर सांगणारा. पोरं एकमेकांकडे बघतात, कारण त्यांना गाणी नावाने ठाऊक असतात. एकजण मोबाइल काढून नंबर शोधायला लागतो. त्याला सापडेपर्यंत म्हाताऱ्याने आत एकट्याने सुरुवात केलेली असते, आणि ढोलकीवाला पट्टी न विचारता ठेका धरतो. गिटारवाला खिशात कॅपो चाचपत असतो.